पाण्याला किती आठवतं

वहिनी आणि नणंद एका घरात राहतात यात कुणाला काही विशेष वाटलं नसतं. पण या दोघी एकाच संस्थेत, एकाच विभागात, वर्षानुवर्षं एकाच प्रश्नावर काम करत होत्या आणि तरी घरातल्या कपबश्या शाबूत होत्या, याचं मात्र सगळ्यांना नवल वाटायचं.

वहिनी तिसऱ्या मजल्यावर बसायची. खिडकीपाशी टेबल, टेबलावर कोऱ्या कागदांचा गठ्ठा आणि शिसपेन्सिली. तिला यंत्र म्हणून काही लागायचं नाही, कॅल्क्युलेटरसुद्धा नाही. नणंद तळघरात. तिला घरात आणि बाहेर सगळे भिंगरी म्हणायचे, कारण लहानपणापासून ती एका जागी बसलेली कुणी पाहिली नव्हती. जेवतानाही तिचा एक पाय टेबलाखाली हलत असायचा. ती जिन्यातूनच "वहिनीऽऽ" अशी हाक मारत वर यायची, त्यामुळे विभागात सगळे तिच्या भावजयीला वहिनी म्हणू लागले. विभागप्रमुख वहिनीपेक्षा चांगले वीस वर्षांनी मोठे, पण तेही बैठकीत गंभीर चेहऱ्याने म्हणायचे, "यावर वहिनींचं मत घ्यावं."

दोघींचा प्रश्न असा होता: हिशेब करायला चिपाच कशाला हव्यात? जगात कितीतरी गोष्टी हलतात, डुलतात, एकमेकींत मिसळतात. मेंदूत तरी दुसरं काय चालत असतं? मग पाण्याने हिशेब केला तर?

भिंगरीने तळघरात तसं पाणी मांडलं होतं. काचेचा उथळ ट्रे, त्यात दोन बोटं पाणी. काठाने छोट्या मोटरी आणि प्रत्येक मोटरीला एक रबरी बोट. समोर कुणी शब्द बोललं की त्या आवाजाच्या चढउताराप्रमाणे ही बोटं पाण्यावर टिचक्या मारायची. लाटा उठायच्या, काठावर आपटून परत यायच्या, एकमेकींत घुसायच्या. खालून दिवा, वरून कॅमेरा. पाण्यावर जी उजेडाची नक्षी उमटे, तिच्यातल्या ठरावीक ठिकाणांचा उजेड मोजायचा, याला इतकं महत्त्व, त्याला तितकं, असं करून बेरीज करायची. त्या बेरजेवरून शब्द कोणता ते कळायचं. कुठल्या जागेला किती महत्त्व द्यायचं एवढंच काय ते शिकवावं लागे. पाण्याला कुणी काही शिकवत नव्हतं. ते आपलं पाण्यासारखं वागत होतं.

ट्रेला ऐकवायला आवाज होता सासूबाईंचा, म्हणजे भिंगरीच्या आईचा. सासूबाई जन्मभर रेडिओवर बातम्या वाचून निवृत्त झालेल्या. त्यांचे उच्चार असे की 'निळा' म्हटलं की समोरच्याला निळंच दिसावं. भिंगरीने त्यांना एका रविवारी माइकसमोर बसवून लाल, निळा, हिरवा, पिवळा हे चार शब्द उलटसुलट क्रमाने कितीतरी वेळा म्हणवून घेतले होते.

"म्हणजे डोकं पाण्याचं आणि तोंड मशीनचं," सासूबाईंनी तेव्हा सगळं ऐकून घेऊन सांगितलं होतं.

"बरोब्बर, आई!" भिंगरी म्हणाली.

"बरोबर नाही," वहिनी म्हणाली. "आई, डोकं म्हणायला पाण्याला तीन गोष्टी याव्या लागतात. वेगळे शब्द वेगळे ठेवता आले पाहिजेत, जवळचे शब्द जवळ ठेवता आले पाहिजेत, आणि जुनं विसरता आलं पाहिजे."

"विसरणं कशाला? विसरायला काय अक्कल लागते?"

"विसरलं नाही तर कालची लाट आजच्या शब्दात लुडबुड करेल ना. थोडं आठवायचं आणि बाकीचं सोडून द्यायचं. किती आठवायचं, हाच तर माझा विषय आहे."

वहिनीने त्यावर बरीच वर्षं घालवली होती आणि शेवटी एक प्रमेय सिद्ध केलं होतं. ट्रे एवढा, पाणी एवढं, लाटा इतक्या वेगाने विझतात, कॅमेऱ्याला इतकं बारीक दिसतं; हे सगळं दिलं की पाण्याला किती मागचं आठवू शकेल त्याची एक मर्यादा काढता येत होती. भिंगरीच्या ट्रेसाठी उत्तर येत होतं दोन शब्द. म्हणजे सासूबाई आत्ता काय म्हणाल्या ते आणि त्याच्या आधीचे दोन रंग पाणी सांगू शकेल. त्याच्या मागचं सगळं गेलं. यात चलाखी नाही, नशीब नाही. कितीही हुशारीने बेरीज केली तरी जे पाण्यात उरलंच नाही ते बाहेर कसं काढणार?

विभागाच्या वार्षिक सभेत सकाळी वहिनीने हे प्रमेय मांडायचं आणि दुपारी भिंगरीने पाणी बोलतं करून दाखवायचं, असं ठरलं. बाहेरून एक मोठे प्राध्यापक पाहुणे म्हणून येणार होते. भिंगरीची नोकरी अजून तात्पुरतीच होती. ती पक्की करायची की नाही, हे पाहुण्यांच्या अभिप्रायावर बरंचसं अवलंबून होतं.

सभेला दोनेक आठवडे असताना भिंगरी तिसऱ्या मजल्यावर धापा टाकत आली.

"वहिनी, पाच!"

"काय पाच?"

"पाच शब्द मागचं आठवतंय! मी कालपासून तपासतेय. आई जे पाच रंगांपूर्वी म्हणाली ते पाणी सांगतंय. दर वेळी नाही, पण बहुतेक वेळा!"

वहिनीने पेन्सिल खाली ठेवली. "शक्य नाही."

"शक्य नाही म्हणजे? होतंय!"

"होत असेल, पण शक्य नाही. कॅमेऱ्यात काहीतरी घोळ असेल. नाहीतर तुझा हिशेब शब्दांचा क्रमच पाठ करत असेल."

"क्रम दर वेळी नवा असतो. मी काय आज जन्मले का?" भिंगरीचा चेहरा लाल झाला. "तुझ्या प्रमेयात घोळ असेल असं नाही का वाटत तुला?"

"माझं प्रमेय तीन जणांनी तपासलंय."

"माझं पाणी मी तीनशे वेळा तपासलंय!"

त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर सुपाचे चमचे तेवढे वाजत होते. टेबलाच्या एका बाजूला वहिनी, दुसऱ्या बाजूला भिंगरी आणि मध्ये दादा, म्हणजे भिंगरीचा सख्खा भाऊ आणि वहिनीचा नवरा. तो दातांचा डॉक्टर. दिवसभर लोकांची तोंडं उघडी बघायची सवय असलेल्या माणसाला दोन मिटलेली तोंडं बघून चैन पडेना.

"माझा धंदा बरा," तो म्हणाला. "दात एक तर असतो, नाहीतर नसतो."

कुणी हसलं नाही.

"आई," भिंगरी म्हणाली, "मीठ इकडे द्यायला सांग."

मीठ वहिनीच्या हाताशी होतं. सासूबाईंनी मिठाकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं, मग बातम्यांच्या आवाजात म्हणाल्या, "आत्ताच हाती आलेल्या वृत्तानुसार, तळघराने तिसऱ्या मजल्याकडे मिठाची मागणी केली आहे."

वहिनीने मीठ सरकवलं. हसू दाबताना तिला ठसका लागला, पण ती बोलली मात्र नाही.

पुढचे काही दिवस असेच गेले. वहिनीने आपली सिद्धता पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचली. प्रत्येक पायरीवर बोट ठेवून तिने स्वतःलाच विचारलं, हे इथून खरंच निघतं का? निघत होतं. तिला कुठेच भोक सापडेना. सापडलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला एकदा वाटूनही गेलं. चूक सापडली की दुरुस्त करता येते. इथे सगळं बरोबर होतं आणि तरी खाली तळघरात पाणी खुशाल पाच मागचं बोलत होतं.

भिंगरीने पाणी बदललं, कॅमेरा बदलला, दिवा बदलला. तिनेही स्वतःची चूक शोधायचं काही बाकी ठेवलं नाही. आकडा पाचच.

सभेच्या आदल्या आठवड्यात तिने ट्रे वर सभागृहात नेला. प्रत्यक्ष जागेवर एकदा तालीम करावी, म्हणून. ट्रे, मोटरी, दिवा, कॅमेरा, सगळं मंचावरच्या भक्कम लाकडी टेबलावर नीट बसवलं. पाणीसुद्धा तेच, बरण्यांत भरून आणलेलं. सासूबाईंचा आवाज सुरू केला. पाण्याने आत्ताचा शब्द बरोबर सांगितला, आधीचा सांगितला, त्याच्या आधीचाही सांगितला. तिसऱ्याला अडखळलं. चौथ्याला अंदाजपंचे ठोकू लागलं.

भिंगरीने सगळं सोडून पुन्हा जुळवलं. बेरीज पहिल्यापासून शिकवली. तरी दोनच.

विभागप्रमुखांचा निरोप आला तेव्हा वहिनी कॉफी पीत होती. "वहिनी, जरा सभागृहात येता का? भिंगरीबाई मंचाच्या काठावर बसल्यात आणि हलत नाहीत."

भिंगरी हलत नाही हे ऐकूनच वहिनीने कप तसाच ठेवला.

सभागृहात सगळ्या खुर्च्या रिकाम्या होत्या. भिंगरी मंचाच्या कडेला पाय सोडून बसली होती आणि पाय खरोखरच स्थिर होते. "दोन," ती वर न बघता म्हणाली. "घे. जिंकलीस."

वहिनीला क्षणभर आनंद झाला. तो झाला नाही असं म्हणणं खोटं ठरेल. इतक्या वर्षांचं काम, आणि आकडा हुबेहूब तोच. पण तो आनंद ओठांवर येण्याआधीच तिने नणंदेचा चेहरा पाहिला. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा भिंगरी शाळेत होती, आणि विज्ञानाच्या प्रदर्शनात तिचा ज्वालामुखी फुटला नव्हता त्या दिवशी ती अशीच बसली होती.

वहिनी तिच्या शेजारी जाऊन बसली.

"खाली पाच येत होते?"

"हो म्हटलं ना."

"मग मी काही जिंकले नाही. खाली पाच येत असतील तर ते कुठून तरी येत होते. वर आणताना खाली काय राहिलं?"

"काही नाही राहिलं. पाणीसुद्धा आणलंय."

"मला तळघर दाखव."

आता भिंगरीने वर पाहिलं. "तू तळघरात येणार? इतक्या वर्षांत एकदाही आली नाहीस!"

"तिथे ओल असते, मला शिंका येतात," वहिनी म्हणाली. "चल."

तळघरात आल्यावर वहिनीला खरोखरच शिंका आल्या. खोली लहान होती. भिंतीवर वायरी, कोपऱ्यात बादली, मध्ये काळ्या दगडाची जाड लादी बसवलेलं टेबल. ट्रे वर गेल्यामुळे ते रिकामं होतं. वहिनीने नाक पुसायला रुमाल काढावा म्हणून खांद्यावरची पिशवी त्या लादीवर ठेवली. लादी किंचित खाली गेली, सावकाश वर आली, पुन्हा खाली गेली.

वहिनी रुमाल हातात धरून बघत राहिली. लादी कितीतरी वेळ संथपणे डुलत होती.

"हे हलतं?"

"हलणारच. स्प्रिंगांवर आहे. बाहेर रस्त्यावरून ट्रक जातात ना, त्यांचे हादरे पाण्यापर्यंत पोचू नयेत म्हणून मुद्दाम असं टेबल घेतलंय."

"बाहेरचे हादरे आत येऊ नयेत म्हणून."

"हो."

"आणि आतले?"

भिंगरीने लादीतल्या स्क्रूच्या भोकांवरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाली, "मोटरी लादीलाच स्क्रूने बसवल्या होत्या."

"म्हणजे बोटाने पाण्याला टिचकी मारली की..."

"मोटर मागे रेटते. लादीला." भिंगरीचा पाय हलायला लागला. "लादी डुलते. डुलली की ट्रे हलतो, ट्रे हलला की पाणी एका बाजूला जरासं सरकतं. वहिनी, लाटा विझल्या तरी लादी डुलतच राहते! पाणी विसरतं आणि टेबल त्याला आठवण करून देतं!"

"माझ्या प्रमेयात दुसरं गृहीतक हेच आहे," वहिनी म्हणाली. "ट्रेला बाहेरची खबर फक्त टिचक्यांमधून मिळते, दुसऱ्या कुठल्याही वाटेने नाही."

"हे कधी लिहिलंस?"

"पहिल्यापासून आहे. पान चार."

"मला पान दोनवर झोप येते," भिंगरीने प्रामाणिकपणे सांगितलं.

"आणि मला तळघरात शिंका येतात म्हणून मी आले नाही. आले असते तर ते गृहीतक इथे लागू नाही हे पिशवी ठेवल्याबरोबर कळलं असतं."

दोघींनी ट्रे परत खाली आणला. भिंगरीने मोटरी पूर्वीसारख्या बसवल्या. वहिनीने लादीखाली चारी कोपऱ्यांत लाकडी ठोकळे ठोकून तिला घट्ट केलं; तिने आयुष्यात पहिल्यांदाच हातोडी धरली होती आणि एक ठोका अंगठ्यावर बसला. आवाज सुरू केला. दोन. ठोकळे काढले. पाच. पुन्हा ठोकळे. दोन. वहिनी दर वेळी इतक्या मोठ्याने हसत होती की वरच्या खोलीतले लोक जिन्यात येऊन डोकावले.

मग भिंगरीच्या डोक्यात खूळ आलं. "पाणी काढूया."

"पाणी काढल्यावर राहील काय?"

"बघू तर."

तिने ट्रे रिकामा केला, पुसला आणि काचेवर काळे ठिपके चिकटवले, म्हणजे कॅमेऱ्याला बघायला काहीतरी मिळेल. बोटं आता हवेतच नाचत होती. कोरड्या ट्रेला बेरीज शिकवली आणि सासूबाईंचा आवाज ऐकवला. आत्ताचा शब्द कोणता ते कोरड्या ट्रेला काही केल्या सांगता येईना. पण चार शब्दांपूर्वी काय म्हटलं होतं, ते मात्र तो बऱ्याच वेळा बरोबर सांगत होता.

रात्री जेवताना हे ऐकून सासूबाईंनी हातातला पाव खाली ठेवला. "म्हणजे आत्ता काय म्हटलं ते कळत नाही, पण मघाचं आठवतं? अगं, मग त्या टेबलाला माझ्या भिशीच्या मैत्रिणींत आणून बसवा. कुणाच्या लक्षातही येणार नाही."

या वेळी सगळे हसले. दादा तर इतका हसला की त्याला पाणी प्यावं लागलं.

पण हसून झाल्यावर भिंगरी बशीतलं सूप ढवळत म्हणाली, "हसायला ठीक आहे. पण सभेत काय सांगायचं? पाण्याचा संगणक म्हणून मिरवत होते, आणि निम्मं काम टेबल करत होतं."

"आणि मी काय सांगू?" वहिनी म्हणाली. "माझं प्रमेय खरं आहे, पण ते तुझ्या ट्रेबद्दल नाही, माझ्या मनातल्या ट्रेबद्दल आहे. मी कागदावर ट्रेभोवती एक रेघ मारली आणि म्हटलं, संगणक इथे संपला. रेघ कुठे मारायची ते मला कुणी सांगितलं होतं? पाण्याला विचारलं होतं का मी?"

"मग हेच सांगा की," दादा म्हणाला.

"काय?"

"तुम्ही दोघी आत्ता जे बोललात तेच. एकीने एक, दुसरीने दुसरं. मला दातांपलीकडे काही कळत नाही, पण एवढं मला समजलं."

भिंगरी उठली, तिने वहिनीच्या खोलीतून कोरे कागद आणले आणि जेवणाची भांडी बाजूला सारून दोघी लिहायला बसल्या. भांडी दादाने घासली.

सभेच्या आदल्या दिवशी लादी वर न्यायची होती. ती लिफ्टमध्ये मावेना. शेवटी लादी वेगळी, स्प्रिंगा वेगळ्या असं करून सामानाच्या उतारावरून चाकांच्या गाड्यावर ती चढवली. दादा दवाखाना बंद करून आला होता. विभागप्रमुखांनी कोट काढून बाह्या वर केल्या. सासूबाई पुढे उभ्या राहून, "डावीकडे घ्या! सावकाश! आता थांबा!" अशा सूचना देत होत्या, आणि त्यांचा आवाजच असा की विभागप्रमुख दर वेळी जागच्या जागी थांबत.

"आई, तू त्यांना नको थांबवूस, ते ढकलतायत," भिंगरी म्हणाली.

"मी म्हटलं म्हणून थोडेच थांबतात? दम लागला म्हणून थांबतात," सासूबाई म्हणाल्या आणि विभागप्रमुखांनी मान डोलावून ते कबूल केलं.

सभेत सकाळचं आणि दुपारचं असं वेगळं काही ठेवलंच नाही. दोघी एकत्र मंचावर उभ्या राहिल्या. वहिनीने मर्यादा मांडली, सिद्धता थोडक्यात सांगितली आणि म्हणाली, "आता माझी नणंद तुम्हाला हे प्रमेय मोडून दाखवेल." भिंगरीने लादी डुलती ठेवून पाणी चालवलं. पाच. सभागृहात कुजबुज झाली. मग वहिनीने स्वतः ठोकळे ठोकले, या वेळी अंगठा सांभाळून, आणि आकडा दोनवर आला. त्यानंतर दोघींनी मिळून सगळं सांगितलं: तळघर, पिशवी, दुसरं गृहीतक, कोरडा ट्रे. भिंगरीने पुढचं पाऊलही दाखवलं. आता लादीचं डुलणं योगायोगावर न सोडता तिने ठोकळे काढण्याआधी स्प्रिंगा बदलून ते हवं तसं मंद केलं. आत्ताचं पाण्याने बघायचं, मघाचं लादीने सांभाळायचं. त्या जोडीला आता सात रंग मागचं आठवत होतं, आणि वहिनीची नवी मर्यादा, पाणी आणि लादी दोन्ही धरून काढलेली, आठ सांगत होती.

पाहुणे प्राध्यापक पहिल्या रांगेत बसले होते. उंच, किडकिडीत, घशाला मफलर गुंडाळलेला. ते उठले तेव्हा भिंगरीने वहिनीचा हात घट्ट धरला.

"माझा प्रश्न असा," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "आज तुम्ही टेबल धरलंत. टेबल जमिनीवर आहे, मग जमीनही धराल. उद्या इमारत. मग हा संगणक संपतो तरी कुठे?"

"जिथून पुढे कुजबुज ऐकू येत नाही तिथे," वहिनी म्हणाली. "जमीनही हलत असेल, पण तिचं हलणं कॅमेऱ्याच्या नजरेत येण्याआधी गोंगाटात बुडतं. कुठल्या भागाची कुजबुज गोंगाटाच्या वर ऐकू येते, हे मोजता येतं. रेघ आपल्या मनाने मारायची नाही, मोजून मारायची. ती कशी मोजायची याची पद्धत आमच्याकडे आहे. पूर्ण सिद्धता मात्र अजून नाही. दोन ठिकाणी अडलंय."

"कुठे अडलंय ते सांगाल?"

वहिनीने फळ्यावर जाऊन दोन्ही ठिकाणं दाखवली. पाहुण्यांनी मफलर सोडला, पुढे आले, खडू घेतला, आणि दहा-पंधरा मिनिटं दोघांनाही सभागृहाचा विसर पडला. शेवटी ते हात झटकत म्हणाले, "दुसरं सुटेल असं वाटतं. पहिलं अवघड आहे. फार छान अवघड आहे!" मग पाण्याकडे वळले. "मी बोलून बघू का?"

भिंगरीने माइक पुढे केला. ते म्हणाले, "पिवळा." पाणी म्हणालं, निळा. ते म्हणाले, "निळा." पाणी म्हणालं, हिरवा.

मागच्या रांगेतून खणखणीत आवाज आला. "अहो, 'पि' दातांत नका धरू! ओठ मिटून मोकळा सोडा. आणि घसा साफ करा आधी!"

सगळं सभागृह मागे वळलं. भिंगरीने डोळे मिटून घेतले. विभागप्रमुख खुर्चीत खाली सरकले. पण पाहुण्यांनी नीट घसा खाकरला, ताठ उभे राहिले आणि शाळेत कविता म्हणावी तसं म्हणाले, "पिवळा."

पिवळा, पाणी म्हणालं.

टाळ्या अशा पडल्या की लादी थरथरली आणि पाण्याने पुढच्या चार शब्दांपैकी एकही बरोबर सांगितला नाही. भिंगरीने तेही सगळ्यांना दाखवलं.

पाहुण्यांनी अभिप्रायात काय लिहिलं ते विभागप्रमुखांनी सगळ्यांसमोर वाचून दाखवलं नाही, पण महिन्याभरात भिंगरीची नोकरी पक्की झाली. पेपर दोघींच्या नावाने गेला. कुणाचं नाव आधी यावरून घरात पुन्हा दोन दिवस बातमीपत्रं झाली. शेवटी सासूबाईंनी नाणं उडवलं आणि भिंगरीचं नाव पहिलं आलं. दोन अडलेल्या जागांपैकी एक पाहुण्यांच्या मदतीने त्याच वर्षी सुटली. उरलेली वहिनी अजून सोडवते आहे. तळघरात आता तिच्यासाठी एक खुर्ची आहे आणि खुर्चीच्या पाठीला रुमालांची पिशवी लटकवलेली आहे.

परवा ती तिथे बसली असताना भिंगरी एक परात घेऊन आली. परातीत बारीक वाळू होती.

"वहिनी, पाण्याऐवजी वाळूला टिचक्या मारल्या तर?"

"चालणार नाही. वाळूत पडलेला खड्डा तसाच राहतो. ती काही विसरतच नाही, आणि विसरत नाही त्याचा हिशेबाला काय उपयोग?"

"पण परात सतत हलवत ठेवली तर?"

वहिनीने बोटाने वाळूत एक खड्डा पाडला, परात धरून हळूहळू हलवली आणि खड्ड्याच्या कडा ढासळून तो भरत जाताना बघितला.

"एक कोरा कागद दे," ती म्हणाली, आणि तिला जोरात शिंक आली.